हरिपूरचे पेव : एकाच हवेत माणूस आणि भुंगेरा

सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. तेथे हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खोदण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पेव म्हणजे वरून माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड असलेला, आत रुंदावत जाणारा आणि साधारण वीस-पंचवीस फूट खोल असा मातीतला खड्डा. त्याच्या तळाशी व कडेने पाला, गवत आणि चटया यांचे अस्तर लावायचे, शिजवून, वाळवून तयार केलेली हळकुंडे आत भरायची आणि तोंडावर फरशी ठेवून ती मातीने लिंपून टाकायची, एवढीच त्याची कृती. अशा पेवातली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकते, हा तिथल्या शेतकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा अनुभव आहे. तीच हळद पोत्यात घालून साध्या गोदामात ठेवली, तर एका पावसाळ्यातच हळकुंडांना डंख लागतो, बारीक गोल भोके दिसू लागतात आणि पोते हलवले की पिवळा भुगा गळतो.

पेवाबद्दलचा दुसरा अनुभवही तितकाच जुना आहे. तोंड उघडल्याबरोबर कोणीही आत उतरत नाही. पेव काही तास उघडे ठेवतात, मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडतात आणि तो तळापर्यंत जळत राहिला तरच हमाल खाली जातो. हा नियम मोडला तर माणूस तळाशी पोचताच कोसळू शकतो, आणि त्याला वाचवायला घाईने उतरलेला दुसराही त्याच्याशेजारी पडतो. विहिरी आणि मैल्याच्या टाक्यांमध्ये अशा दुर्घटना महाराष्ट्रात आजही घडतात.

या दोन अनुभवांना शेजारी ठेवले की एक प्रश्न उभा राहतो आणि हा अभ्यास त्या एका प्रश्नापुरताच आहे. जी हवा माणसाला काही मिनिटांत मारते, त्याच हवेत हळद पोखरणारा भुंगेरा आणि त्याची अळी कित्येक दिवस तग धरू शकतात. तरीही शेवटी पेव कीडमुक्त होते. मग कीटक मरतो तो नक्की कशाने? ‘हवा संपली म्हणून गुदमरला’ हे उत्तर सोपे आहे आणि माणसाच्या बाबतीत ते पुरेसेही आहे. कीटकाच्या बाबतीत ते अपुरे आहे.

बंद पेवात हवेचे काय होते

बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. पेव बंद केल्यावर आतला ऑक्सिजन हळूहळू वापरला जातो आणि त्याची जागा कार्बन डायऑक्साइड घेतो. ज्वारीच्या पेवात हे काम मुख्यतः किडे, बुरशी आणि काही प्रमाणात स्वतः दाणे करतात, कारण ज्वारीचा दाणा जिवंत असतो आणि मंदपणे का होईना श्वसन करतो. हळदीचे तसे नाही. हळकुंडे साठवण्याआधी शिजवलेली असतात, त्यामुळे त्यांच्या पेशी मेलेल्या असतात. तेथे ऑक्सिजन खाणारे असतात ते हळदीबरोबर आत गेलेले किडे, बुरशी व जिवाणू, अस्तरातला पाला आणि भोवतालची माती. मातीतल्या असंख्य सूक्ष्मजीवांमुळे जमिनीच्या पोटातली हवा मुळातच कार्बन डायऑक्साइडने समृद्ध असते, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोल खड्ड्याच्या तळाशी रेंगाळतो आणि तोंड उघडले तरी लगेच निघून जात नाही.

एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ऑक्सिजन संपवण्याच्या कामात किडींचा स्वतःचा वाटा असतो. कीड जितकी जास्त तितका ऑक्सिजन लवकर संपतो, म्हणजे बंद जागेत किडींची वाढच त्यांच्या मुळावर येते. मात्र त्यासाठी जागा खरोखर बंद असावी लागते. पेवाच्या भिंतीला तडा असेल आणि त्यातून थोडी थोडी हवा आत येत असेल, तर कीड मंदपणे वाढत राहते आणि नुकसान पेव उघडल्यावरच कळते.

माणूस का कोसळतो

माणसाच्या श्वासात दोन टप्पे आहेत. पहिल्यात हवा फुप्फुसात येते आणि दुसऱ्यात रक्तातले हिमोग्लोबिन तिथला ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवते. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि गांडूळ ओल्या त्वचेने; पण ऑक्सिजन रक्तात उतरवून मग पेशींपर्यंत वाहून नेण्याचा दुसरा टप्पा त्यांच्यातही आहेच. या रचनेचा फायदा असा की मोठे शरीरही पोसता येते. तोटा असा की रक्त आणि हवा यांच्यातली देवाणघेवाण दोन्ही दिशांनी चालते. जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या हवेत माणसाने श्वास घेतला की फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन जाण्याऐवजी रक्तातला ऑक्सिजन फुप्फुसात आणि तेथून बाहेर जाऊ लागतो. म्हणून अशा हवेतले दोन-चार खोल श्वासही शुद्ध हरपायला पुरतात. श्वास रोखून धरलेला माणूस त्यापेक्षा जास्त वेळ शुद्धीवर राहतो, हे ऐकायला विचित्र वाटते, पण ते खरे आहे.

यात मेंदूची अडचण सर्वांत मोठी. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो आणि त्याच्याकडे साठा नसतो. चार-सहा मिनिटे पुरवठा थांबला की तेथे कायमची हानी सुरू होते. सस्तन प्राण्यांमध्ये याला अपवाद शोधायचा तर पूर्व आफ्रिकेतल्या, जमिनीखाली वसाहत करून राहणाऱ्या केसविहीन उंदरासारख्या प्राण्याकडे जावे लागते. ऑक्सिजन पूर्ण नसताना तो १८ मिनिटे टिकल्याची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. सस्तन प्राण्यासाठी हा पल्ला थक्क करणारा आहे. कीटकाच्या दृष्टीने १८ मिनिटे म्हणजे काहीच नाही.

आणखी एक कारण आहे आणि धोका ओळखण्याच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. श्वास घेण्याची आपली ओढ ऑक्सिजन कमी झाल्याने तितकी वाढत नाही. ती मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर चालते. पेवात हा वायू वाढलेला असतो, त्यामुळे माणसाला धाप लागते, तो जोरजोरात श्वास घेतो आणि तीच वाईट हवा अधिक प्रमाणात आत ओढतो. हवेत हा वायू सात ते दहा टक्क्यांवर गेला, तर ऑक्सिजन पुरेसा असूनही माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो.

भुंगेरा का तग धरतो

हळद पोखरणारा तपकिरी भुंगेरा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा असतो; तंबाखू, मिरची, धणे यांनाही तो लागतो. त्याला फुप्फुस नाही. श्वासासाठी त्याचे नाक-तोंडही कामाला येत नाही. त्याच्या छातीच्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना सूक्ष्म श्वासरंध्रे असतात. कीटकांमध्ये त्यांच्या जास्तीत जास्त १० जोड्या आढळतात. रंध्रांपासून श्वासनलिका आत जातात, त्यांना फाटे फुटत फुटत त्या एक मायक्रॉनपेक्षाही बारीक होतात आणि थेट पेशींना जाऊन भिडतात. कीटकाचे रक्त ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामी जवळजवळ येत नाही आणि त्यात हिमोग्लोबिनही नसते. साचलेल्या पाण्यात दिसणाऱ्या लाल अळ्यांसारखे मोजके अपवाद सोडले तर हे सर्व कीटकांना लागू आहे. म्हणजे आपल्या श्वासातला दुसरा टप्पा कीटकात गाळलेलाच आहे. हवा स्वतःच पेशीच्या दारापर्यंत जाते.

ही रचना प्रथम नीट पाहिली ती इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी याने. रेशमाच्या किड्यावरचा त्याचा ग्रंथ १६६९ साली प्रसिद्ध झाला. त्याने किड्याच्या अंगावरच्या रंध्रांना तेल लावून पाहिले आणि किडा मेला. ही रंध्रे श्वासाची आहेत हे त्यातून दिसून आले. पुढे १९२० मध्ये डेन्मार्कचा ऑगस्ट क्रोग याने श्वासनलिकांची लांबी-रुंदी मोजून हिशेब मांडला आणि विश्रांतीत असलेल्या अळीला पुरेल इतका ऑक्सिजन केवळ विसरणाने, म्हणजे वायू दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरल्याने, कोणत्याही पंपाविना, आत पोचू शकतो असे दाखवले. पाण्यात जितक्या वेगाने ऑक्सिजन पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट वेगाने तो हवेत पसरतो, हे या साऱ्यामागचे मूळ कारण आहे. टोळ आणि मधमाशी यांसारखे चपळ कीटक पोट आकुंचित-प्रसरित करून हवा खेळवतातही. २००३ मध्ये अमेरिकेत शक्तिशाली क्ष-किरणांखाली जिवंत भुंगेरे पाहिले गेले, तेव्हा त्यांच्या डोक्या-छातीतल्या श्वासनलिका लयीत दबताना आणि फुगताना दिसल्या. त्यामुळे कीटकांचा श्वास निव्वळ विसरणावर चालतो हे विधान आता सरसकट करता येत नाही.

तरीही रचनेतला हा फरक भुंगेऱ्याच्या चिवटपणाचे पूर्ण स्पष्टीकरण देत नाही, कारण बाहेर ऑक्सिजनच नसेल तर नळी कितीही सरळ असली तरी उपयोग काय? खरे कारण पेशींच्या वागण्यात आहे. ऑक्सिजन फार कमी झाला की कीटक हालचाल थांबवतो, त्याचा ऊर्जेचा खर्च एकदम खाली येतो आणि तो गुंगीत गेल्यासारखा निपचित पडतो. सस्तन प्राण्याच्या मेंदूतल्या पेशी अशा वेळी फुटीच्या मार्गाला लागतात. कीटकाच्या चेतापेशींचे कामही बंद पडते, पण हवा परत मिळाली की त्या पूर्ववत होऊ शकतात. अनेक कीटक पूर्ण ऑक्सिजनविरहित हवेत काही तास पडून राहून पुन्हा चालू लागतात. ‘मेलेले’ किडे डब्याचे झाकण उघडल्यावर फिरू लागल्याचे स्वयंपाकघरात अनेकांनी पाहिले असेल. त्याचे कारण हेच.

मग मरतो तो कशाने

येथे हरिपूरहून बरेच दूर, मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडे जावे लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील शेतकऱ्यांची चवळी भुंगेऱ्यापासून वाचवण्यासाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक आणि त्यांचे सहकारी काम करत होते. आपल्याकडे चवळी, मूग, तूर यांना लागतो त्याच जातीचा हा भुंगेरा. त्यातून आत प्लास्टिकचे दोन जाड थर आणि बाहेर विणलेले पोते अशी तीन पदरी पिशवी तयार झाली. मुळात हे पेवच आहे, फक्त जमिनीवरचे. चवळी भरून पिशवी घट्ट बांधली की काही दिवसांत आतला ऑक्सिजन काही टक्क्यांपर्यंत उतरतो. दाण्यातल्या अळ्यांच्या कुरतडण्याचे सूक्ष्म आवाज संवेदकांनी टिपले गेले, तेव्हा ऑक्सिजन या पातळीला येताच ते थांबत असल्याचे दिसले. अळ्या मात्र त्या क्षणी मेल्या नव्हत्या. त्यांनी खाणे थांबवले होते.

या गटाने २०१२ मध्ये मांडलेला निष्कर्ष मला या विषयातला सर्वांत सुंदर दुवा वाटतो : त्या अळ्या अखेर पाण्यावाचून मरतात. वाळलेल्या दाण्यात पाणी जेमतेम १०-१२ टक्के असते आणि दाण्याच्या आत बंद असलेली अळी जन्मभर कधीच पाणी पीत नाही. तिला लागणारे पाणी ती मोठ्या प्रमाणात स्वतः तयार करते. अन्नातल्या पिष्टाचे ऑक्सिजनबरोबर ज्वलन झाले की ऊर्जेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निर्माण होते. रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने १०० ग्रॅम पिष्टापासून सुमारे ५५ ग्रॅम पाणी मिळते आणि त्यासाठी सुमारे ११८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नाही तर हे पाणी नाही. आपल्या शरीरातही असे पाणी बनते, पण आपण पाणी पितो, म्हणून ते आपल्या ध्यानातही येत नाही. कोरड्या धान्यातल्या अळीचे मात्र ते जीवन आहे.

आता श्वासरंध्रांकडे परत यावे लागते. रंध्र उघडे असले की ऑक्सिजन आत येतो, पण त्याच वाटेने शरीरातली वाफ बाहेर जाते. म्हणून बहुतेक कीटकांच्या रंध्रांना मिटता येणाऱ्या झडपा असतात. काही कीटक तर विश्रांतीत रंध्रे दीर्घकाळ मिटून घेतात, मग किंचित फडफडवतात आणि शेवटी पूर्ण उघडून साठलेला कार्बन डायऑक्साइड एकदम सोडतात. पतंगांच्या कोषांवरचे १९५० च्या दशकातले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. ही पद्धत पाणी वाचवण्यासाठी, जादा ऑक्सिजनपासून पेशींना जपण्यासाठी की जमिनीखालच्या कोंदट हवेत जगण्यासाठी उत्क्रांत झाली, यावर संशोधकांमध्ये अजून एकमत नाही. झडपा उघडण्याचा इशारा मात्र स्पष्ट आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की झडप मिटणारा स्नायू सैलावतो आणि रंध्र उघडे राहते.

पेवात नेमके हेच घडत असणार, असे मी या साऱ्यातून समजतो. ऑक्सिजन उतरल्यामुळे पाणी बनणे थांबते, कार्बन डायऑक्साइड चढल्यामुळे झडपा उघड्या राहतात, आणि भोवती सुमारे १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेली हळद असल्याने बाहेरून पाणी मिळण्याची सोय नसते. आवक बंद आणि गळती चालू. अळी दिवसेंदिवस सुकत जाते. एकाच वायूने माणसाला धाप लावली आणि किड्याची दारे उघडी टाकली. दोघांच्याही शरीरांनी आपापल्या परीने श्वास वाढवण्याचाच प्रयत्न केला आणि तोच दोघांनाही महागात पडला.

यावरून बंद साठवणुकीला वेळ का द्यावा लागतो हेही उलगडते. तहानेने मरणे दिवसांचे, कधी आठवड्यांचे काम आहे. उष्ण हवेत किडीचा चयापचय वेगवान असल्याने ते लवकर होते, थंडीत लांबते. अंडी आणि कोष यांची गरज कमी असल्याने ते प्रौढ भुंगेऱ्यापेक्षा जास्त टिकतात. म्हणून पेव किंवा पिशवी आठवड्याभरात ‘बघूया जरा’ म्हणून उघडली, तर ताजी हवा आत जाते, थांबलेल्या अळ्या खाऊ लागतात आणि गेलेले दिवस वाया जातात.

घरातली कोठी याच कसोटीवर

शंभर लिटरच्या पिंपात तूर काठोकाठ भरली तर दाण्यांमधल्या फटींत साधारण ४० लिटर हवा, म्हणजे सव्वाआठ लिटरांच्या आसपास ऑक्सिजन राहतो. तेच पिंप अर्धे भरले तर वरची ५० आणि फटींतली २० मिळून ७० लिटर हवा होते, आणि तीही निम्म्या तुरीसाठी. किलोमागे ऑक्सिजन साडेतीन पट झाला. म्हणून मोठ्या पिंपात थोडे धान्य ठेवण्यापेक्षा लहान भांडी काठोकाठ भरावीत आणि वापरासाठी एकच भांडे उघडत जावे. धान्य मात्र खडखडीत वाळलेले हवे. ओले धान्य बंद केले तर बुरशी आणि आंबण्याची क्रिया किडींपेक्षा मोठे नुकसान करते.

डाळींना एरंडेल चोळण्याची आपल्याकडची रीत याच श्वासाशी जोडलेली आहे. कडधान्यातल्या भुंगेऱ्याचे अंडे दाण्याच्या सालीला चिकटवलेले असते आणि हवेच्या देवाणघेवाणीसाठी त्याला एका टोकाला सूक्ष्म मार्ग असतो. तेलाचा पातळ थर तो बुजवतो. माल्पिगीने रेशमाच्या किड्यावर जे केले तेच येथे अंड्यावर घडते. राखेची रीत वेगळ्या मार्गाने त्याच ठिकाणी पोचते : बारीक, कोरडे कण कीटकाच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात किंवा शोषतात आणि शरीरातले पाणी निघून जाते.

याउलट घरात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवण्याची सवय अत्यंत घातक आहे. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू पेशीच्या ऑक्सिजन वापरणाऱ्या यंत्रणेवरच आघात करतो, आणि ती यंत्रणा माणसात आणि कीटकात सारखीच आहे. श्वासाच्या रचनेतला जो फरक पेवाच्या बाबतीत इतका ठळक दिसतो तो येथे माणसाला वाचवत नाही. या वायूला परिणाम करायला ऑक्सिजनची गरज लागते, त्यामुळे हवा आधीच संपलेल्या बंद साठ्यात तो किडीवर नीट चालतही नाही.

कंदिलाची मर्यादा

हरिपूरची अनेक पेवे २००५ च्या महापुरात बाधित झाली आणि हळद बऱ्याच अंशी गोदामांकडे वळली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेवांची चर्चा पुन्हा झाली. ज्यांच्याकडे पेवे वापरात आहेत किंवा जे ती नव्याने वापरू पाहतात, त्यांनी कंदिलाच्या परीक्षेकडे नीट पाहावे. ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनपाशी विझते, म्हणजे माणूस कोसळण्याच्या पातळीच्या बरीच आधी. या बाबतीत जुन्या माणसांची पारख अचूक होती. परंतु ऑक्सिजन पुरेसा असून कार्बन डायऑक्साइड घातक झाला असेल, तर ज्योत जळत राहू शकते. म्हणून पंख्याने किंवा ब्लोअरने तळापर्यंत हवा सोडणे, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही दाखवणारे मापक दोरीने खाली सोडून पाहणे, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधणे आणि वर किमान दोन माणसे उभी ठेवणे आवश्यक आहे. खालचा माणूस हाकेला उत्तर देईनासा झाला, तर वरच्यांनी त्याला दोराने ओढून घ्यावे. त्याच्यामागे कोणीही उतरू नये.